गंज नाही

विकणे आहे:
एकोणीसशे एक्क्याण्णवची फोर व्हील जीप, डिझेल,
एमएच बावीस, कागद चोख,
मूळ रंग, मूळ इंजिन, मूळ भोंगा.
एवढं लिहून मी थांबले.
बाबा म्हणाले, पुढं लिही: गंज नाही.
ते दोन शब्द त्यांनी मला तीनदा वाचायला लावले.

जीप भूजल खात्याची.
मागच्या बाकाखाली चार भोकं आहेत,
तिथं हाश्मी साहेबांची यंत्राची पेटी आवळलेली असायची.
जमिनीत खुंट्या ठोकायच्या, वायर लांबवायची,
आणि काटा किती हलतो त्यावरून
गावानं रात्री किती बोलायचं ते ठरायचं.
वायरीच्या दुसऱ्या टोकाला मुंजाजी ड्रायव्हर,
म्हणजे आमचे बाबा, टोपी डोळ्यांवर ओढून.
चारठाण्याचा माळ, बोरीची पांढर, येलदरीच्या अलीकडचा खडक.
"इथं?"
"नाही. थोडं पुढं घे."
चौदा वर्षं ही गाडी थोडं पुढं गेली.

मग लिलावात ती आमच्या दारात आली.
आई चार दिवस बोलली नाही.
पाचव्या दिवशी मागच्या बाकावर बसून
तिनं सूपभर शेंगा फोडल्या. झालं.

अलिबागहून दिवेकर आले, गाड्या जमवणारे.
रुमालात चुंबक गुंडाळून आणलेला.
दरवाजा, मडगार्ड, चाकावरची कमान,
चुंबक जिथं लावला तिथं टक्कन बसला.
कुठं लांबी नाही, कुठं भर नाही.
जिंतूरच्या उन्हात पेपर पसरून ते गाडीखाली गेले
आणि बराच वेळ त्यांचे फक्त बूट दिसत होते.
"फोर व्हील किती वेळा टाकलंत?"
"अकरा."
बाबांनी बोटं मोजली नाहीत.
नऊ वेळा रेगाडात,
एकदा दुधनेच्या वाळूत साहेबांचा चष्मा हुडकायला,
एकदा उगीच, मला दाखवायला:
पुढचे हब हातानं फिरवले आणि बांध चढून उतरलो,
पलीकडं काहीच नव्हतं.

दिवेकर बाहेर आले, केसांत माती.
"आमच्याकडं पाच वर्षांत चासीची चाळणी होते हो.
तुम्ही लावता तरी काय?"
बाबा बोनेटवर हात ठेवून म्हणाले,
"काय लावायचंय?
पाणीच नाही तं गंज कुठून येईल?"

दिवेकर हसले. बाबा हसले नाहीत.
मला आठवलं, तांब्याभर पाण्यात फडकं बुडवून
ते गाडी पुसायचे, धुवायचे कधीच नाहीत,
आणि फडकं पिळायचे ते कढीपत्त्याच्या बुडाशी.
बारा दिवसांनी यायचा तेव्हा टँकर.
हे जाहिरातीत कुठं लिहायचं, कळलं नव्हतं.

भाव ठरला. घासाघीस अशी झालीच नाही.
ती चार भोकं बुजवून घेतो म्हणाले,
तेवढ्यावर बाबा उठून आत गेले.
दिवेकर म्हणाले, "बरं, राहू देतो."
बाबांनी आतून ताडपत्री आणली, नवी, फुकट.
"तुमच्याकडं पाऊस किती?"
"तीन हजार मिलिमीटर, जास्तच."
बाबांनी ताडपत्रीची घडी पुन्हा घातली,
चांगली होती तरी.

गाडी ट्रकवर चढली, पाठमोरी.
शेडमध्ये तेलाचा एक डाग राहिला,
त्यावर आईनं शिलाईचं मशीन ठेवलं.

श्रावणात फोन आला.
"मुंजाजीराव, डाव्या दाराखाली
तांबूस ठिपका दिसतोय, तिळाएवढा. काय करू?"
बाबांनी उत्तर दिलं नाही.
त्यांनी फोन कानाला घट्ट धरला.
दिवेकरांच्या आवाजामागं
कौलांवरून, पन्हळीतून, केळीच्या पानांवरून
धो धो चाललं होतं.
इकडं आमच्या अंगणात ऊन.
"हॅलो? ऐकताय ना?"
"ऐकतोय," बाबा म्हणाले,
"जरा तसेच थांबा.
फोन ठेवू नका."